कॉमा म्हणजे थांब

११ फेब्रुवारी

प्रिय बॉबिन,

पत्र बघून दचकू नकोस. वाईट बातमी असती तर फोन केला असता. तुझी आई आत वाचाताईंकडे आहे आणि मी बाहेर बाकावर बसलोय. वाचाताई म्हणजे झटका आलेल्या माणसांना पुन्हा बोलायला शिकवणारी मुलगी. वयाने तुझ्याहून लहान असेल, पण ताई म्हटलं की खूश होते. इथे नुसतं बसलं की माझा डोळा लागतो आणि डोळा लागला की तोंड उघडं पडतं, असं समोरच्या नर्सबाईंनी एकदा हसत हसत सांगितलं. म्हणून म्हटलं, त्यापेक्षा लिहावं.

आईला झटका आला तेव्हा फोनवर तू एवढंच विचारलंस, जिवाला धोका नाही ना. मी नाही म्हटलं. तू बरं म्हणालीस आणि फोन ठेवलास. मला तुझा राग आला नाही. तुझी बस सुटायची वेळ झाली असेल, शंभर माणसं खोळंबवून तू बापाशी काय बोलणार. पण सांगायचं राहून गेलं ते आता सांगतो.

उजवा हात आणि उजवा पाय तिच्या मनाने चालत नाहीत. चेहरा सरळ आहे. काठी आणि मी, अशा दोघांना धरून ती घरातल्या घरात फिरते. बोलण्याचं मात्र विचित्र झालंय. आपली भाषा गेली. कळते बऱ्यापैकी, पण तोंडातून येत नाही. माझं नाव नाही, तुझं नाही, पाणी नाही, दुखतंय नाही. राहिलं काय, तर शाळेतलं इंग्रजी. तीस वर्षं पाचवीच्या पोरांना जी वाक्यं घोकून घेतली तेवढीच. शुद्धीवर आली तेव्हा पलंगाशी मोठे डॉक्टर उभे होते. त्यांच्याकडे बघून म्हणाली, "सिट डाउन." आणि ते बसले, बॉबिन. सगळे शिकाऊ डॉक्टर उभे आणि मोठे डॉक्टर स्टुलावर.

डॉक्टर म्हणतात, जे रोज रोज म्हटलं ते खोल जाऊन बसतं, वरचं वाहून गेलं तरी ते राहतं. मला पटलं. जुन्या शिवणयंत्राचा रंग उडतो, पट्टा तुटतो, पण चाक हाताने फिरवलं की सुई खालीवर होतेच.

मी ठणठणीत आहे. तिला उठवताना पोटात थोडं ओढल्यासारखं होतं, पण ते वयाचं. दुकान सकाळचं बंद ठेवतो. यंत्रं काय, वाट बघतात.

तुझा,
बाबा


५ मार्च

प्रिय बॉबिन,

तुझा बाप इंग्रजी शिकतोय. हस. मीही हसलो असतो.

दुसरा इलाजच नव्हता. ती तिकडे आणि मी इकडे, मध्ये नदी. तिला पूल बांधता येत नाही, म्हणजे मलाच पोहायला हवं. तिच्या कपाटातून पाचवीचं जुनं पुस्तक काढलं. त्यात एक गुबगुबीत मुलगा आहे, तो सारखा चेंडू दाखवतो आणि सांगतो की हा चेंडू आहे. दिसतोय की. पण वाचाताई म्हणाल्या, काका, हसू नका, बाई आत्ता ह्याच पायरीवर आहेत.

पहिल्या दिवशी मी चहाचा कप घेऊन गेलो आणि छाती फुगवून म्हटलं, "आय टी मेक." तुझ्या आईने कप हातात घेतला नाही. "रॉंग," म्हणाली. मी आवाज वाढवून तेच म्हटलं. पुन्हा रॉंग. चहावर साय धरली तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. आपल्याकडे क्रियापद बिचारं शेवटी येतं, सगळ्यांची पानं वाढून झाली की मग बसणाऱ्या घरच्या बाईसारखं. इंग्रजीत ते दुसऱ्याच नंबरला घुसतं. "आय मेक टी," म्हटल्यावर तिने मान हलवली आणि गार चहा पिऊन टाकला. गोळीच्या वेळीही हेच. वाक्य चुकलं की तोंड घट्ट मिटून घेते. मग मी आधी स्वयंपाकघरात उभा राहून दोनदा म्हणून बघतो आणि मगच बाहेर येतो. ह्या वयात छडीची भीती, दुसरं काय.

आणि विरामचिन्हं. ती तर तुला सांगायलाच हवीत. एकदा तिला आंघोळीला नेत होतो. अर्ध्या वाटेत म्हणाली, "कॉमा." मी चालतच राहिलो. "कॉमा," पुन्हा, जोरात. तरी मी ओढतोय. तिने काठी जमिनीवर आपटली आणि जागीच उभी राहिली, धापा टाकत. तेव्हा मला कळलं. कॉमा म्हणजे थांब. वर्गात वाचताना कॉमा आला की पोरांना थांबायला लावायची ना, तसं. दम खाल्ला आणि स्वतःच पुढे निघाली. आता कळायला लागलंय. जेवण पुरे झालं की फुलस्टॉप. एखादी गोष्ट समजली नाही की क्वेश्चन मार्क, आणि भुवई वर. माझ्यावर वैतागली की म्हणते, "कॅपिटल लेटर", म्हणजे नीट सुरुवातीपासून कर.

ह्या चार शब्दांवर आमचा संसार चाललाय. आधीही फार जास्त लागत नव्हते म्हणा.

काल कोणीतरी दार वाजवलं, दुरुस्तीला यंत्र घेऊन आलं होतं. दाराला हल्ली वरची कडी लावून ठेवतो, कारण ती एकदा एकटीच बाहेर गेली होती आणि पायरीवर बसलेली सापडली. वाजल्याबरोबर तिने दाराकडे असं बघितलं की मला तू आठवलीस. शाळेतून आलीस की उंबऱ्यावर एक पाय ठेवून ओरडायचीस, "मे आय कम इन, टीचर?" आणि आतून उत्तर आल्याशिवाय दुसरा पाय टाकायची नाहीस. पावसात भिजत उभी राहायचीस, पण उत्तर पाहिजे. मला दोघींचंही डोकं फिरलंय असं वाटायचं.

तुझं उत्तर नाही आलं. चालेल. पत्ता तोच आहे ना, तेवढं कळव.

बाबा


२८ मार्च

प्रिय बॉबिन,

अक्षर वाकडं आलंय कारण मनगट जरा मुरगळलंय. न्हाणीघरात दोघांचा तोल गेला, तिला मी सावरलं, मला भिंतीने. काळजी करू नकोस.

तुला एक सांगायचंय आणि ते लिहिताना मला त्रास होतोय.

ती रोज सकाळी हजेरी घेते. खुर्चीत बसवलं, केस विंचरले, की विचारते, "हू इज अ‍ॅबसेंट टुडे?" मला वाटायचं, शाळाच ती, डोक्यात घंटा वाजत असेल. मी ताठ उभा राहून उत्तर द्यायचो, "ऑल प्रेझेंट, टीचर." म्हटलं, खूश होईल, कोणत्या मास्तरणीला वर्ग भरलेला आवडत नाही. ती खूश व्हायची नाही. कधी मान फिरवायची, कधी पुन्हा पुन्हा तोच प्रश्न. एकदा हातातली वाटी फेकली, आणि मी ते आजारपणात धरलं. वाटी पुसली, फरशी पुसली, आणि दुसऱ्या सकाळी पुन्हा ऑल प्रेझेंट.

गेल्या आठवड्यात वाचाताईंनी घरातले फोटो आणायला सांगितले. बोट ठेवायचं आणि हा कोण, ही कोण, ते म्हणायचं. माझ्या फोटोवर बोट ठेवून म्हणाली, "प्रेझेंट." तिच्या स्वतःच्या फोटोवरही प्रेझेंट. मग तुझा, तो लायसन मिळालं तेव्हाचा, बसच्या चाकाजवळ उभी असलेली. त्यावर तिने बोट ठेवलं, उचललं, पुन्हा ठेवलं. मग म्हणाली, "शी इज अ‍ॅबसेंट."

वाचाताई वहीत लिहायच्या थांबल्या. मी बाहेर आलो आणि पाणी प्यायलो.

म्हणजे इतके दिवस ती मला विचारत होती, पोरगी कुठे आहे, आणि मी तिला सांगत होतो, सगळे हजर आहेत. वाटी मलाच फेकून मारली असती तरी चुकलं नसतं.

आता सकाळी विचारलं की मी खरं तेच सांगतो. "वन अ‍ॅबसेंट, टीचर." ती मान हलवते आणि खिडकीकडे बघत बसते. वाटी फेकत नाही.

बाबा


१५ एप्रिल

प्रिय बॉबिन,

तुझं कार्ड आलं. दोन ओळी का असेना, अक्षर पाहून बरं वाटलं. तू लिहिलंस, "हजेरी घेणं सोपं असतं, बाबा. त्या पत्राचं उत्तर मला अजून मिळालेलं नाही."

ते पत्र मी विसरलेलो नाही. तुझ्या माझ्यात ते कितीदा झालंय, पण फोनवर, आणि फोनवर तू पुरतं ऐकत नाहीस. आज कागदावर सांगतो, कागद मध्येच ठेवता येत नाही.

घरचा कायदा तिचाच होता. बाहेरगावाहून आईला पत्र लिहायचं ते इंग्रजीत. ती लाल शाईने तपासून परत पाठवणार, तू फेअर कॉपी करून पुन्हा पाठवणार. वसतिगृहात होतीस तेव्हा एक पत्र चारदा प्रवास करायचं. पोस्टमन म्हणायचा, तुमच्या घरात कोर्टकचेरी चालू आहे का. मग तुझं लग्न झालं, पत्रं कमी झाली, आणि एके दिवशी ते आलं.

मला तेव्हा इंग्रजी येत नव्हतं, मी फक्त तिचा चेहरा वाचला. शाळेतून आली होती, चपला पायातच होत्या, उभ्या उभ्या वाचलं. म्हणाली, "पोरीचं मोडलं. घरी येऊ का विचारतेय." आणि चष्मा पुसून टेबलाशी बसली आणि लाल पेन उघडलं. मी म्हटलं, अगं, काय करतेस? म्हणाली, "तपासतेय." मी म्हटलं, आज? तेव्हा जे म्हणाली ते जसंच्या तसं लिहितो. म्हणाली, "आज नाही तपासलं तर तिला वाटेल काहीतरी बदललंय."

तिच्या हिशेबी तेच उत्तर होतं, बॉबिन. नेहमीसारखं लाल पत्र जाणार, नेहमीसारखी तुझी फेअर कॉपी येणार, आणि मागोमाग तू. दुसऱ्या दिवशी माळ्यावरची गादी काढून उन्हात टाकली. नवी खोळ मी शिवली, निळी, बारीक रेघांची. तुझ्या खोलीला रंग तिने स्वतः दिला आणि आठवडाभर कंबर धरून फिरली. असली चूक जगात दुसऱ्या कोणी केली नसती. पोटची पोर जणू दारात रडत उभी आहे आणि ही तिचे कॉमे मोजतेय. मी तिची बाजू घेत नाही. मी फक्त काय झालं ते सांगतो.

मी तुला फोन केला, ये म्हटलं. तू म्हणालीस, टीचरने पास केलं नाही, येऊन काय करू. मी गादीचं सांगितलं. तू म्हणालीस, गादी लिहीत नाही, बाबा. तिला म्हटलं, तू फोन कर, तर म्हणाली, आधी फेअर कॉपी येऊ दे. दोघी एकाच माळेचे मणी. एकीने वाट बघितली, दुसरीनेही वाट बघितली, आणि मधल्या मध्ये माझे केस पांढरे झाले.

ती गादी अजून आहे. तिच्यावर कोणी झोपत नाही.

हे सगळं लिहून थकलो. पोटाचं पुढच्या वेळी लिहीन.

बाबा


३० एप्रिल

प्रिय बॉबिन,

पोटाचं. मागच्या पत्रात निसटलं आणि तू बरोबर तेच पकडलंस. आईवरच गेलीस.

हर्निया आहे. तिला उचलून उचलून झालाय. शिवाय मनगट मुरगळलेलं नव्हतं, मोडलं होतं. आता प्लास्टर निघालंय. डॉक्टर म्हणतात, ऑपरेशन जूनच्या पहिल्या आठवड्यात करायचंच, त्यापुढे ढकललं तर ते जबाबदार नाहीत. त्यानंतर तीन महिने मी पाण्याची बादलीसुद्धा उचलायची नाही. मग बायकोला कोण उचलणार, असं विचारल्यावर त्यांनी मला आजारी माणसांना सांभाळणाऱ्या एका संस्थेचा पत्ता दिला.

परवा तिला घेऊन बघून आलो. जागा वाईट नाही. भिंती स्वच्छ, खिडक्या मोठ्या, माणसं थोडी घाईत पण दुष्ट नाहीत. एका मदतनीस बाईने तुझ्या आईचा दंड धरला आणि जिना चढवायला लागली. चौथ्या पायरीवर ही म्हणाली, "कॉमा." ती बाई हसली, म्हणाली, हो हो आजी, आणि ओढत राहिली. ही पुन्हा म्हणाली, कॉमा. मी खालून ओरडलो, अहो, थांबा, थांबा म्हणतेय ती. तोवर हिचा पाय निसटला. मी मागे होतो म्हणून बरं. सगळा भार पोटावर आला आणि डोळ्यांपुढे काजवे चमकले.

त्या बाईला मी समजावलं, कॉमा म्हणजे काय, फुलस्टॉप म्हणजे काय. ती म्हणाली, काका, माझ्याकडे बावीस जण आहेत, प्रत्येकाचं वेगळं असतं. खरं आहे तिचं. तिच्यावर रागवून काय उपयोग.

परत येताना रिक्षात तुझी आई माझा हात धरून बसली होती. तिला कळलंय का, मला माहीत नाही. एवढंच कळतं की तिथे तिचं बोलणं समजणारं कोणी नसेल. जेवताना फुलस्टॉप म्हणेल आणि ते भरवत राहतील. सकाळी हजेरी घेईल आणि कोणी उत्तर देणार नाही. थोड्या दिवसांत ही चार वाक्यंही बंद होतील, मग खरोखर काही उरणार नाही.

म्हणून आता सरळ मागतो, कधी काही मागितलं नाही. मी दवाखान्यात असेन तेवढे दिवस आणि नंतरचे थोडे, तू घरी येशील का? बसची रजा मिळेल का? तू तिची सगळ्यात जुनी विद्यार्थिनी. तुला कॉमा समजावून सांगावा लागणार नाही.

उत्तर लवकर दे.

बाबा


१४ मे

बॉबिन,

तू लिहिलंस, "तिने बोलावलं तर येईन. तिने. तुम्ही नाही."

ठीक. आठवडाभर मी तेच करतोय. पाटीवर मोठ्या अक्षरात लिहिलं, "कम होम." तुझा फोटो समोर ठेवला. म्हण, कम होम. ती माझ्याकडे बघते, ओठ हलवते, घाम फुटतो तिला. काल खूप जोर लावला आणि बाहेर आलं, "होमवर्क." मग रडली. मी पाटी उलटी ठेवली. आज सकाळी पुन्हा प्रयत्न केला तर म्हणाली, "द काऊ गिव्ज मिल्क." मीही गायीसारखाच बघत बसलो.

वाचाताईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, काका, असं विहिरीतून काढल्यासारखं नाही येत. नवीन वाक्य त्या बनवू शकत नाहीत. रोज जे प्रश्नोत्तर चालायचं, त्याचा पहिला अर्धा भाग समोरच्याने म्हटला, तर दुसरा अर्धा आपोआप येतो. मी विचारलं, कुठला पहिला अर्धा? त्या म्हणाल्या, ते घरच्यांनाच माहीत.

मला माहीत नाही. मी शिवणयंत्रं दुरुस्त करणारा माणूस आहे. मी दमलोय, बॉबिन. तुझ्यावर चिडलोय असं समजू नकोस. चिडायलाही थोडी ताकद लागते. सकाळी उठल्यावर पहिला विचार येतो की आजचा दिवस कधी संपेल, आणि मग लाज वाटते, कारण ती शेजारी झोपेत हसत असते.

संस्थेत जागा ठेवायला सांगितली आहे. तीन जूनला तिला पोहोचवायचं, चारला माझं ऑपरेशन. तुला वाईट वाटावं म्हणून सांगत नाही, कळावं म्हणून सांगतो.

ते लाल पत्र तुझ्याकडे अजून असेल तर एक काम कर. फाडून टाक, नाही तर फेअर कॉपी करून पाठव. काहीही एक कर. तुमच्या दोघींत ते इतकी वर्षं लोंबकळत पडलंय आणि त्याचा दोरा माझ्या गळ्यात आहे.

बाबा


२९ मे

बॉबिन,

हे पत्र दाराजवळच्या स्टुलावर बसून लिहितोय. का, ते सांगतो.

आज सकाळी तुझं पाकीट आलं. वर तिचं नाव पाहिलं आणि समजलो. फोडून बघितलं तर खरंच फेअर कॉपी, सुवाच्य, समास सोडलेला. आणि मग हळूहळू माझ्या लक्षात आलं, कारण आता तेवढं कळतं मला. एकही चूक तू दुरुस्त केलेली नव्हतीस. जिथे कॅपिटल नव्हतं तिथे आजही नाही. फुलस्टॉप गायब तो गायबच. इतक्या वर्षांनी, जशीच्या तशी. तुझ्या हट्टाला माझा नमस्कार.

मला भीती वाटली. म्हटलं, हे तिला द्यावं की लपवावं. पण पत्र तिच्या नावाचं होतं. खुर्चीत बसवलं, चष्मा घातला, कागद मांडीवर ठेवला. तिने डावा हात पुढे केला आणि बोटं हलवली. पेन मागत होती. मी लाल पेन दिलं, टोपण काढून. सवय.

ती बोट ठेवत एकेक ओळ वाचत गेली. तिला चुका दिसत नव्हत्या असं समजू नकोस. प्रत्येक चुकीपाशी बोट थांबत होतं, पेन वर जात होतं, आणि पुन्हा खाली येत होतं. अर्ध्यावर आल्यावर तिने कागद माझ्याकडे सरकवला. "रीड," म्हणाली.

मग मी वाचलं. तुझं पत्र मी पहिल्यांदा वाचलं, बॉबिन. त्या दिवशी मला फक्त लाल शाई दिसली होती. अडखळत, एकेक शब्द जोडत, तुझ्या त्या खोलीबद्दल, त्या माणसाबद्दल, तू बसस्टॉपवर काढलेल्या रात्रीबद्दल. ते मला माहीत नव्हतं. तरी वाचत राहिलो, कारण ती ऐकत होती. आणि सगळ्यात शेवटी, एकटीच, एक ओळ. मी ती वाचली तेव्हा मला काही सुचलं वगैरे नव्हतं. पोर जसं धडा वाचतं तसं वाचलं.

"मे आय कम इन, टीचर?"

तिने पेन खाली ठेवलं. एका क्षणाचाही वेळ घेतला नाही. "येस," म्हणाली. "कम इन."

स्वच्छ. जसं स्वयंपाकघरातून म्हणायची, तसं. मी वर बघितलं तर ती माझ्याकडे बघतच नव्हती, दाराकडे बघत होती. मग काठी घेऊन उठली. मी धरायला गेलो तर हात झटकला. खोलीच्या मध्यावर म्हणाली, "कॉमा," आणि थांबली. उंबऱ्याजवळ पुन्हा कॉमा. मग काठी भिंतीला टेकवून, डाव्या पायाची टाच उंच करून, डाव्या हाताने वरची कडी काढली आणि दार सताड उघडलं.

मी तिला सांगितलं, अगं, पत्र आलंय, ती नाही आली. तिला गाडी धरावी लागेल, प्रवास आहे. बस जरा. माझ्या परीने नीट म्हटलं, "सिट डाउन." माझ्याकडे बघून म्हणाली, "स्टँड अप," आणि मलाही उभं केलं. एवढ्यात शेजारचं मांजर उघडं दार बघून आत शिरलं. मला वाटलं, आता त्यालाही कम इन म्हणते की काय. काठी आपटून म्हणाली, "गेट आउट." तेव्हा माझी खात्री पटली की ते कम इन फक्त तुझ्यासाठी होतं, आणि मग मात्र मला रडू आवरेना.

तू म्हणाली होतीस, तिने बोलावलं तर. बोलावलंय. साक्षीला मी आहे.

तुझं पत्र ह्याच पाकिटात परत पाठवतोय. नीट उलटसुलट करून बघ. कुठेही लाल शाई नाही.

तुझ्या खोलीतली गादी मी उन्हात टाकली आहे, एका हाताने ओढत नेली, डॉक्टरांना सांगू नकोस. संस्थेला अजून काही कळवलेलं नाही. दुपार झाली, वारा सुटलाय, धूळ पार स्वयंपाकघरापर्यंत आली आहे. दोनदा मी दार लोटायला गेलो आणि दोनदा काठी खाल्ली. ती उंबऱ्याजवळ उभी आहे, भिंतीला टेकून, रस्त्याकडे बघत.

लवकर ये. ती मला दार लावू देत नाही.

बाबा